कोरा निघाला तर पॅटिस

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. पोलिसांनी पकडून पाठवलेला नमुना तपासला आणि त्यात अमली म्हणावं असं काहीच सापडलं नाही, तर त्याला आम्ही 'कोरा' म्हणायचो. ज्याच्या हातून कोरा निघाला त्यानं त्या दिवशी चहाबरोबर सगळ्यांना पॅटिस द्यायचं. पद्धत कुणी पाडली कोण जाणे, मी नोकरीला लागले तेव्हाही ती जुनीच होती. तिच्यामागे उदात्त वगैरे काही नव्हतं हो. नमुन्यात काही सापडलं की कधीतरी कोर्टाचं समन्स येणार, मग कुठल्यातरी तालुक्याच्या गावी जाऊन पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसायचं, आणि वर वकील विचारणार, "बाई, हे मशीन तुम्हाला स्वतःला चालवता येतं का?" कोरा निघाला की ही सगळी कटकट टळली. त्या टळलेल्या कटकटीचे ते पॅटिस.

माझा कोरा निघाला की मी घरच्यासाठीही वेगळे बांधून घ्यायचे. स्वारगेटला बस बदलायची असायची, तिथल्या एका बेकरीत मिळायचे, वरून खरपूस, आत तिखट बटाटा. माझा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. सोसायटीच्या फाटकाशी खेळत असायचा. लांबूनच त्याला पिशवीवरचे तेलाचे डाग दिसायचे आणि हा आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडायचा, "आई, कोरा निघाला!" त्याला एवढंच माहीत होतं की कुणीतरी सुटलं आणि आपल्याला पॅटिस मिळालं. मी त्याला दटावायचे, "अरे हळू, लोक काय म्हणतील!" पण मनातून मला ते फार आवडायचं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझी मान वर होत नाही.

मी लागले तेव्हा आमच्या विभागात यायचा तो गांजा, चरस नाहीतर ब्राउन शुगर. गांजाचं पोतं उघडलं की केसांना रात्रीपर्यंत वास. मग शहर बदललं. हिंजवडी झाली, खराडी झाली, हडपसरच्या पुढे मांजरीपर्यंत उसाच्या शेतांत टॉवर उभे राहिले. पोरांच्या हातात पहिल्याच नोकरीत एवढा पगार यायला लागला की त्यांच्या बापांनी तेवढा निवृत्त होतानाही पाहिला नसेल. आणि आमच्या टेबलावर कागद यायला लागले. टपालाच्या तिकिटाहून लहान, वर हत्ती, सूर्य, कसलीतरी रंगीत चित्रं. त्या कागदांत एलएसडी मुरवलेलं असतं. जिभेवर ठेवायचं आणि मग भिंती हलतात, रंग गातात म्हणे. या कागदांना ना वास ना चव. पहिल्यांदा पार्सल उघडलं तेव्हा मला वाटलं, पोलिसांनी चुकून कुणाचं तरी कंपासपेटीतलं काहीतरी उचलून आणलंय.

तपासणीची पहिली पायरी रंगाची. कागदाचा कोपरा कापून द्रावणात भिजवायचा, चिनीमातीच्या पांढऱ्या थाळीच्या खड्ड्यात त्याचे थेंब टाकायचे, वर एक रसायन. एलएसडी असेल तर हळूहळू जांभळा रंग चढतो. कितीही वर्षं केलं तरी त्या क्षणाला सगळे आपापलं काम सोडून थाळीकडे बघतात. "आला का? आला का?" आणि रंग आला की कुणीतरी म्हणतं, "आला बाबा. घ्या आता समन्स."

पण पुढे पुढे या रंगावर विसंबून चालेना. एलएसडीच्या नावाखाली दुसरीच नवी द्रव्यं कागदावर चढवून विकायला लागले होते, एलएसडीपेक्षा घातक, आणि ती या रसायनाला दाद देत नाहीत. थाळी पांढरीच्या पांढरी राहते. ती पकडायची तर मोठ्या मशीनवर नमुना चढवावा लागतो. त्यामुळे नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सुनवायचे, "रंग आला नाही म्हणजे काही नाही, असं लिहायचं नाही. आधी मशीनवर टाकायचं, मग तोंड उघडायचं." माझ्या मागे माझी नक्कल करायचे सगळे, मला माहीत होतं. सगळ्यांत चांगली नक्कल करायची ती माझ्याच हाताखाली तयार झालेली एक सोलापूरची मुलगी. हात इतका स्वच्छ की तिच्या थाळीत एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. तिच्यावर माझा जीव होता, आणि तो मी तिला कधी दाखवला नाही.

एका रविवारी सकाळी फोन आला. मुलगा तेव्हा खराडीला कंपनीत होता. टीमबरोबर पानशेतकडे आउटिंगला जातो म्हणून शनिवारी गेला होता. फोन पोलीस चौकीतून होता. फार्महाऊसवर धाड पडली होती आणि त्याच्या बॅगेत एक पाकीट सापडलं होतं. पाकिटात कागद.

आमचे हे निवृत्त झालेले, आकुर्डीच्या कारखान्यातून. ते शर्टाची बटणं लावतच खाली उतरले. मी चपला शोधत होते, आणि समोरच होत्या तरी मला सापडत नव्हत्या.

चौकीत त्याला आमच्यासमोर आणलं. रात्रभर झोपला नव्हता. मला बघून त्यानं मान खाली घातली. "आई, मी घेतलंय आधी. दोनेकदा. खोटं नाही बोलत. पण ते पाकीट माझं नव्हतं. बॅग सगळ्यांनीच वापरली होती."

आणि मी काय विचारलं? त्याला मारलंबिरलं का, हे नाही. काही खाल्लंस का, हेही नाही. मी विचारलं, "माझी नोकरी कुठली ते सांगितलंस का यांना?"

आमच्या यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. मग ते मुलाला म्हणाले, "चहा घेतोस का रे?"

मी अशी का बोलले ते सांगते. समर्थन म्हणून नाही. माझे वडील वऱ्हाडातून बदलीवर पुण्यात आले. आम्ही बौद्ध. आमच्या घराण्यात एम.एस्सी. झालेली मी पहिली आणि सरकारी प्रयोगशाळेत अधिकारी म्हणून बसलेलीही पहिली. रुजू झाले त्याच आठवड्यात जिन्यावर दोघांचं बोलणं ऐकलं, "कोट्यातली आहे, जपून काम द्या." जिना चढून मी निमूट माझ्या टेबलाशी गेले. त्या दिवसापासून माझं एकच व्रत. माझ्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये. वडीलही सांगायचे, बाई, दुसऱ्याची चूक चूक असते, आपली चूक सगळ्यांची असते. मी ते इतकं मनावर घेतलं की घरातसुद्धा मी कायम साक्षीदार धरूनच वागायचे. मुलानं एकदा बॉल मारून खालच्यांची काच फोडली. मी त्याला घरात नेऊन नाही बोलले. पार्किंगमध्ये, चार बायका बघत असताना, थोबाडीत दिली. का? तर बघा, ही आई पोराला पाठीशी घालत नाही. मग वर नेऊन त्याला दूध दिलं, ते मात्र कुणी बघितलं नाही.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, लेखीही दिलं. साहेब भला माणूस. म्हणाले, "हा नमुना दुसऱ्या शहरात पाठवा म्हणून वर कळवतो." कळवलंही. पण वरून उत्तर काही येईना, आणि कोर्टाची मात्र घाई, कारण जामीन आमच्या रिपोर्टवर अडला होता. काही सापडलं नाही तर मुलगा घरी. सापडलं तर येरवडा, आणि किती महिने ते कुणी सांगावं. शेवटी नमुना आमच्याकडेच तपासायचा ठरलं. तो गेला सोलापूरच्या मुलीकडे, आणि मला हलवलं दारूच्या विभागात. भिंतीपलीकडेच. तिथे हातभट्टीच्या बाटल्या तपासायच्या. इतकी वर्षं नोकरी करून मी अशी दारूच्या वासात बसले होते आणि शेजारच्या खोलीत माझ्या पोराचं नशीब थाळीत पडणार होतं.

बाहेरची तऱ्हा वेगळीच. यांनी सोसायटीत सांगून टाकलं होतं की चिरंजीव ऑनसाइटला, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी, गेलेत. आयटीतल्या पोरांचं हे बरं असतं, अचानक नाहीसे झाले तरी ऑनसाइट म्हणता येतं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी धाडीची बातमी पेपरात आली, नावं नव्हती, पण लोक काय दुधखुळे आहेत? पहिल्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक जिन्यात भेटले. पेपर काखेत. म्हणाले, "काय वहिनी, चिरंजीव ऑनसाइटला? वा. कुठे, येरवड्याला का?" आणि छान हसून खाली उतरले. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, तसं अगदी तंतोतंत वाटलं मला.

पौर्णिमेला विहारात गेले नाही तर आणखी चर्चा होईल म्हणून गेले. पंचशील घेताना सगळ्यांच्या बरोबर माझेही ओठ हलत होते. पाचवं शील नशेचं. त्या ओळीला माझ्या शेजारची बाई किंचित थांबली, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. माझा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा निघाला. मला तो ऐकू आला आणि स्वतःचीच किळस आली.

मग तो दिवस आला. सकाळी मला भिंतीपलीकडून काचेचा आवाज येत होता. माझ्या हातातल्या बाटलीवर मी एकच नंबर पुन्हा पुन्हा वाचत होते. "आला का?" असं आज कुणीच विचारत नव्हतं, माझ्यामुळे. ती शांतता मला ऐकवेना. मी उठून पाणी पिऊन आले, परत बसले, परत उठले.

चहाच्या वेळेला ती मुलगी दारात आली. हातात बशी, बशीत पॅटिस. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली, वर कागदाचा रुमाल घातला, आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते तिचे.

अगं बाई गं. थाळी पांढरीच राहिली होती. रंग आला नव्हता. ज्यानं त्याला पाकीट विकलं, किंवा त्याच्या ज्या कुणा मित्राला विकलं, त्यानं गंडवलं होतं. साधा कागद! माझं पोर संध्याकाळी नाही तर उद्या घरी. मी त्या क्षणाला सुखानं रडले असते. हात बशीकडे गेलाही होता.

आणि तेवढ्यात मला दिसलं की चहाच्या खोलीतून सगळे आमच्याकडे बघताहेत. साहेब कप हातात घेऊन दारात उभे होते. दोन टेबलं पलीकडचे एक गृहस्थ, जिन्यावरच्या त्या दोघांपैकी राहिलेले एक, तेही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काहीच नव्हतं हेच मला सहन झालं नाही. मला त्यांचं उद्याचं बोलणं आजच ऐकू आलं. बाईंच्या पोराचा कोरा निघाला म्हणे. निघणारच.

मी मोठ्यानं विचारलं, "मशीनवर टाकलंस?"

तिला समजेना. ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, रंग आला नाही. दुसऱ्या चाचणीतही काही नाही. तुम्ही खा ना."

"रंग आला नाही म्हणजे काही नाही, असं लिहायचं नाही हे मी तुला किती वेळा सांगितलंय? मशीनवर टाकलंस का, एवढं सांग."

माझा आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला असणार. ती लाल झाली. "हेलियम संपत आलाय, मॅडम. साहेबांनीच जपून वापरायला सांगितलंय." हे खरं होतं. मशीनला हेलियमची टाकी लागते आणि नवी टाकी कुठल्यातरी फाईलमध्ये अडकली होती. तिनं साहेबांकडे बघितलं. साहेब काय बोलणार? आता सगळ्यांदेखत प्रश्न विचारला गेला होता. ते म्हणाले, "टाका मग मशीनवर." आणि कप तसाच ठेवून आत गेले.

मी बशीला हात लावला नाही. ती दिवसभर माझ्या टेबलावर होती आणि तिचा वास हातभट्टीच्या वासात मिसळत होता.

संध्याकाळी ती मुलगी पुन्हा आली. मला सांगायची तिला परवानगी नव्हती, आणि तिनं सांगितलंही नाही. तिनं नुसती बशी उचलली आणि घेऊन गेली. मला कळलं.

एलएसडी नव्हतंच ते. त्या नव्या द्रव्यांपैकी एक होतं, थाळी पांढरी ठेवणाऱ्यांपैकी.

हात धुवायच्या बेसिनपाशी ती मला गाठायला आली. नळ सुरू ठेवून म्हणाली, "मॅडम, मी टाकणारच होते. बाकीचे गेल्यावर. तुम्हाला तेवढा एक दिवस बरं वाटावं म्हणून मी..." ती खरं सांगत होती की माझ्या पोरावर दया करून खरंच सोडून देणार होती, हे मला आजही माहीत नाही. एक मात्र माहीत आहे. ती टाकणार असेल, तर मी एका सरळ मुलीला सगळ्यांसमोर चोर ठरवलं. आणि नसेल, तर माझ्यासाठी एवढी जोखीम आयुष्यात दुसऱ्या कुणी घेतली नाही. मी तिला म्हणाले, "नळ बंद कर, पाणी वाया जातंय."

मुलगा येरवड्याला राहिला. ते द्रव्य कायद्याच्या यादीत बसतं की नाही यावरच दोन्ही वकील तारखेमागून तारीख भांडत राहिले. कंपनीनं त्याला एका मेलनं काढून टाकलं. मांजरीला त्यानं घर बघून ठेवलं होतं, ते राहिलंच.

ऑफिसात मात्र माझा भाव वाढला. साहेब कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "स्वतःच्या मुलाच्या केसमध्येसुद्धा बाई हलल्या नाहीत." ते जिन्यावरचे गृहस्थ माझ्यासाठी उठून खुर्ची द्यायला लागले. मी ती घेतली. कशी घेतली मी ती खुर्ची!

घरी यांनी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त रात्री दिवा मालवल्यावर अंधारात एकदा म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं, हे मला पटतं गं. पण तू काही खोटं-खऱ्यासाठी बोलली नाहीस." आणि कूस बदलून झोपले. माणूस कमी बोलतो, पण बोलला की खिळा ठोकतो.

मुलाला भेटायला गेले तेव्हा मध्ये काच होती, बोलायला फोन. पलीकडे त्याचे केस कापलेले. मी ठरवूनच गेले होते की मीच सांगायचं. सगळं सांगितलं, पॅटिसचंही. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळ्यांसमोर विचारलंस का गं?"

मी म्हणाले, "हो."

तो हसला. चक्क हसला. "तरीच," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पार्किंगमध्ये मारलं होतंस तसं." आणि मग स्वेटर पाठवा म्हणाला, पहाटे थंडी वाजते.

मी बाहेर येऊन रिक्षा स्टँडच्या कठड्यावर बसले. त्याला मी खरं बोलल्याचा राग नव्हता. तो नमुना कोरा म्हणून सुटला असता तर कुणीतरी पोर तो तसलाच कागद जिभेवर ठेवून मेलंही असतं, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. पण मी ते प्रश्न म्हणून विचारलंच नव्हतं. ते मी माझ्या नावासाठी ओरडले होते. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून दोन शब्द सांगितले असते, तरी नमुना मशीनवर गेलाच असता. रिपोर्ट तोच आला असता, येरवडाही तोच. फक्त कुणी बघितलं नसतं. मला बघायला माणसं हवी होती.

केस पुढे बरीच वर्षं चालली. मध्ये तो जामिनावर बाहेर आला, एका छोट्या कंपनीत लागला, कमी पगारावर. शेवटी बॅगेची झडती नियमानं झाली नव्हती आणि पाकीट त्याचंच होतं हे ठरेना, म्हणून तो सुटला. रसायनशास्त्राचा त्यात काही संबंध आला नाही. निकालाच्या दिवशी मी कोर्टात गेले नाही. मला जायचं होतं, पण तोच म्हणाला, "तू राहा घरी. आम्ही दोघं जातो."

संध्याकाळी दोघं आले. त्याच्या हातात बेकरीची पिशवी, तेलाचे डाग पडलेली. दार लावून घेतलं आणि मग म्हणाला, अगदी हळू, "आई, कोरा निघाला."

मी म्हणाले, "अरे, मोठ्यानं म्हण की! ऐकू दे त्या प्राध्यापकाला!"

"नको," म्हणाला. "आपलं बरंच मोठ्यानं झालंय."

आम्ही खाल्ले. पिशवीत आणखी काही उरले होते. मी म्हणाले, हे कशाला एवढे आणलेस? तो म्हणाला, "हे उद्या ऑफिसात घेऊन जा. त्या सोलापूरच्या मॅडमना दे. आख्ख्या पुण्यात माझ्या नावानं पॅटिस आणणारी तेवढी एकच बाई होती." मग हात पुसत म्हणाला, "आणि जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल. तुला जमतं ते."

माझी निवृत्ती जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी डबा घेऊन गेले. सगळे होते, नवीन पोरंही होती, ती आता सोलापूरच्या मुलीच्या हाताखाली शिकत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि डब्याचं झाकण काढलं. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं.

वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं. सोपं होतं. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जन्मभर जो आवाज जिन्यापर्यंत, व्हरांड्यापर्यंत, पार्किंगपर्यंत गेला, तो मेला घशातच राहिला. मी नुसती डबा धरून उभी. शेवटी तिनंच तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "चहा गार होतोय."